पाच किलो माणशी

अंगणवाडीच्या ताईंनी धाकटीच्या दंडाला कुपोषण मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली. बाण पिवळ्यावर आला, म्हणजे मध्यम कुपोषण. "डाळ, अंडी, पालेभाजी देत जा गं," म्हणाल्या. मी मान डोलावली. घरात खाणारी पाच तोंडं आणि केशरी रेशनकार्डावर नावं दोन, नवऱ्याचं आणि सासूबाईंचं. महिन्याला माणशी 5 किलोने 10 किलो धान्य यायचं, 2023 पासून फुकट. उरलेलं किराण्यातून, आणि पैसे कमी पडले की पहिली डाळच पातळ व्हायची.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझं नाव वडिलांच्याच कार्डावर होतं. तिथून कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे चढत नाही. पुण्याहून माहेरी मराठवाड्यात दोन खेपा झाल्या, चार दिवस धुण्याभांड्याचे खाडे. भाऊ सोबत आला, पण वाटेत हळूच म्हणाला, "अक्का, तुझं नाव गेलं की आमचे पाच किलो जातात." खरंच होतं ते. इतकी वर्षं माझ्या वाटचं तेच खात होते. मला काही बोलवलं नाही.

मग इथे अर्ज. मुलींचे आधार, जन्मदाखले, माझा दाखला. उत्पन्नाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. शहरात वर्षाला 59 हजारांची मर्यादा, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. पुण्यात खोलीचं भाडं भरणारं कुठलं घर एवढ्यात चालतं, ते ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. बाहेरचा झेरॉक्सवाला दोन हजारांत "सगळं करून देतो" म्हणाला. नाही दिले.

तीन महिन्यांनी कार्डावर निळ्या पेनने तिन्ही नावं आणि शिक्का. मी हरखून पिशव्या घेऊन दुकानात. काका म्हणाले, "कार्डावर आहे गं, मशीनमध्ये कुठाय?" रेशनकार्डाच्या बारा अंकी नंबराला नावं जोडलीच नव्हती. परत ऑफिस, परत झेरॉक्स, अजून दीड महिना. तुमच्यापैकी कोणी या वाटेला लागलं असेल तर शिक्का बघून घरी येऊ नका, दुकानात जाऊन मशीनवर नाव बघा. आणि माहेरचा दाखला लग्न झाल्या झाल्या घेऊन ठेवा.

शेवटी मशीनवर अंगठा टेकवला. घेतला नाही. भांडी घासून घासून रेघाच झिजल्यात. काकांनी बोट फडक्याने पुसायला लावलं, मग डावा अंगठा, मग तर्जनी. मागे रांग कुरकुरायला लागली. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला आणि कागदाची पट्टी बाहेर आली: 25 किलो. गहू आणि तांदूळ. डाळ त्यात नाहीच.

किराण्याचे वाचले त्यातून अंड्यांचा एक ट्रे आणला. धाकटी पांढरं तेवढं खाते. पिवळं थोरलीच्या ताटात जातं, तिच्या दंडाला पट्टी लावायचं वय तर कधीच उलटून गेलं.