हिरड्याचा काढा, आम्ल आणि एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाची) पट्टी : आतापर्यंतची नोंद

जुन्या बाजारातून आणलेले अडकित्ते, नट-बोल्टचे पाने, विळ्यांची पाती साफ करणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे : पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल गंज भराभर विरघळवतं, पण खालचा धातू उघडा पडला की त्यालाही सोडत नाही. उघड्या पोलादावरून हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागले की आपलं हत्यारच झिजत असतं. ती झीज रोखणारं, घरात निर्धास्त हाताळता येईल असं सेंद्रिय द्रव्य, म्हणजे रोधक, मी शोधतोय. सध्या हिरड्यावर आहे.

हेक्झामिन आणि थायोयुरिया ही या कामातली जुनी, भरवशाची नावं. दोन्ही मी बाद केली. हेक्झामिन आम्लात फुटून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि थायोयुरियावर कर्करोगाचा संशय आहे. गच्चीवर काम करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय वनस्पतिज आणि प्राणिज पदार्थांची परंपरा कमी जुनी नाही. सरस, जिलेटिन आणि कोंड्याचा अर्क आम्लातल्या लोखंडाची झीज कमी करतात, हे मारांगोनी आणि स्तेफानेल्ली या संशोधकांनी १८७२ मध्येच नोंदवलं होतं.

हिरड्याच्या फळात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) असतं. त्याच्या रेणूंत बेंझिनची वलयं आणि भरपूर ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांमुळे आणि वलयांमुळे हे रेणू पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. जेवढी जागा ते अडवतात, तेवढी आम्लाला कमी मिळते. नायट्रोजन किंवा गंधक असलेली द्रव्यं याच तत्त्वावर चालतात. आम्लाची ताकद मात्र यात कमी होत नाही, म्हणून गंज निघायचं काम चालूच राहतं. मला या विषयात सगळ्यात भावतं ते हेच.

कृती साधी आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएस पट्टीचे सारखे तुकडे कापून घेतले (जस्ताचा थर असलेली पट्टी चालत नाही), पॉलिश पेपरने घासले, ॲसिटोनने पुसले, सोनारी काट्यावर तोलले. काष्ठौषधींच्या दुकानातला हिरडा भरड कुटून डिस्टिल्ड पाण्यात उकळला आणि गाळला. बाजारातलं तीव्र आम्ल पाण्यात ओतून (पाणी आम्लात कधीही नाही) दहापट पातळ केलं, म्हणजे ते साधारण १ मोलर (लिटरमागे एक मोल आम्ल) होतं. एका बरणीत नुसतं आम्ल, दुसरीत काढा घातलेलं, तीव्रता दोन्हींत तीच. तुकडे नायलॉनच्या दोऱ्याने लोंबकळत ठेवले. वजनातली घट किती टळली, त्याची टक्केवारी म्हणजे रोधकाची कार्यक्षमता.

फरक काट्याच्या आधी डोळ्यांना दिसला. काढ्याच्या बरणीत बुडबुडे तुरळक आणि तुकड्याची चकाकी बरीचशी टिकलेली. नुसत्या आम्लातला तुकडा राखाडी, खरबरीत. वजनानेही तेच सांगितलं. उन्हात ठेवलेल्या बरण्यांत मात्र हिरड्याची पकड ढिली पडली. तापमान वाढलं की चिकटलेले रेणू सुटू लागतात आणि आम्लाचा वेगही वाढतो, तेव्हा काम सावलीतच करा.

महत्त्वाची गोष्ट गंजलेल्या वस्तूवर कळली. शोधनिबंधांत तुकडा बहुधा आधीच घासून लखलखीत केलेला असतो. आपल्याकडे गंज विरघळून द्रावणात फेरिक आयन (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले लोहाचे अणू) साठत जातात, आणि फेरिक स्वतःच पोलाद खातं : दोन फेरिक आयन एक लोह अणू ओढून नेतात, बुडबुडासुद्धा न सोडता. म्हणजे बुडबुडे थांबले म्हणून धातू सुरक्षित, असं धरून चालणार नाही. दाट गंज आधी तारेच्या ब्रशने उतरवून घेणं आणि द्रावण पिवळं पडताच बदलणं, हे दोन नियम मी आता पक्के केले आहेत. धुताना पृष्ठभागावर निळसर-काळी झाक येते, ती लोह आणि टॅनिनच्या संयुगाची. अडकित्त्यावर ती मला शोभून दिसते. नको असेल त्यांनी ओली असतानाच घासून काढावी.

कानस, स्प्रिंग, पाणी देऊन कडक केलेलं पातं या आम्लात घालू नका, काढा असला तरी. पोलादात शिरलेला हायड्रोजन त्यांना ठिसूळ करतो.

पुढची फेरी पोटॅशियम आयोडाइडची. आयोडाइड आयन पृष्ठभागावर आधी बसून सेंद्रिय रेणूंची पकड वाढवतात, असं बऱ्याच रोधकांबाबत दिसलं आहे. हिरड्यासोबत चिमूटभर घालून, आणि या वेळी मुद्दाम गंजवलेल्या पट्ट्यांवर, पाहणार आहे. कुणी बाभळीच्या सालीवर काम केलं असेल तर आम्लाची तीव्रता आणि तापमानासकट आकडे जरूर कळवा.