कुणाचं मत बदललं का कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न साधारण असा असतो: हवामानबदल, वीज, बॅटऱ्या, एआय, सरकारी धोरणं यांवर इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांशी तुम्ही एवढे वाद घालता, त्यातून कुणाचं मत बदललं का कधी? विचारणाऱ्याच्या सुरात थोडी काळजी असते आणि थोडी कीव.

क्वचित. वाद चालू असतानाच कुणी ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणून मोकळा झालाय, असं फारसं होत नाही. यावर एक ठरलेलं उत्तर आहे की आपण समोरच्यासाठी लिहीतच नाही, गुपचूप वाचणाऱ्यांसाठी लिहितो. मला ते पटत नाही. हा न दिसणारा वाचक फार सोयीचा असतो, कारण तो कधी उलट बोलत नाही. माझा वाद समोरच्या माणसाशीच असतो. फक्त त्याचं मत बदलायची मी वाट बघत नाही. तो विषय कधी बदलतो आणि बदलत बदलत कुठे येऊन थांबतो, तिकडे माझं लक्ष असतं.

एक नेहमीची साखळी सांगतो. सुरुवात होते, ‘हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के, तो काय दिवे लावणार?’ यावर सांगता येतं की हवेचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग, म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन, जमिनीवरून वर जाणारी उष्णता जवळपास अडवतच नाही. जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच हे प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली होती. जो वायू अडवतो त्याचं प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत २८० भाग होतं, १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर आहे. इथे कुणी हार मानत नाही, सूर्य येतो. ‘सूर्यच जास्त तापतोय.’ तसं असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर नेमकं असंच होईल, हे मानाबे आणि वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये गणित मांडून सांगितलं होतं. मग ज्वालामुखी. ते सगळे मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

आणि मग, तीन मुद्दे हातचे गेल्यावर, थोड्या चिडलेल्या सुरात चौथा येतो: ‘म्हणजे ज्यांच्या घरात आत्ता कुठे दिवा लागलाय, त्यांनी तो विझवायचा का?’

घोडं इथे पेंड खात होतं. हा प्रश्न आधीच्या तिन्हींपेक्षा कितीतरी चांगला आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी पाच टनांच्या आत आहे आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत माणशी एक टनही भरत नाही. आवर कुणी घालायचा आणि बिल कुणी भरायचं, यावर जगातली सरकारं १९९२ पासून एकत्र बसताहेत आणि अजून त्यांचं पुरतं जमलेलं नाही. मग या माणसाने पहिल्याच वाक्यात हेच का विचारलं नाही? माझा अंदाज असा की हा प्रश्न न्याय-अन्यायाचा आहे, म्हणजे राजकारणाचा, आणि आजकाल राजकारणाचं काही बोलायचं तर आधी विज्ञानाचा कोट चढवावा लागतो. ‘मला हे अन्यायाचं वाटतं’ म्हणणारा भावनिक ठरतो, ‘०.०४ टक्के’ म्हणणारा अभ्यासू दिसतो.

हे फक्त नाकारणाऱ्यांचं नाही, माझ्या बाजूचेही तेच करतात. अणुऊर्जा विरुद्ध सौरऊर्जा हा वाद घ्या. कागदावर तो खर्चाचा आणि वेळेचा आहे. फिनलंडची ओल्किलुओतो-३ ही अणुभट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, नियमित वीज द्यायला २०२३ उजाडलं. सौरवाले हे उदाहरण तोंडपाठ ठेवतात. उलट अणुवाले फ्रान्सकडे बोट दाखवतात: १९७४ मध्ये ठरवलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाची बहुतेक वीज अणुभट्ट्यांतून येऊ लागली. दोन्ही खरं आहे. पण थोडं ताणून धरलं की सौरवाला म्हणतो, ‘मला माझ्या छपरावरची वीज हवी, कुठल्या महाकाय कंपनीच्या मेहरबानीवरची नको.’ आणि अणुवाला म्हणतो, ‘लोकांना कमी वापरा म्हणून उपदेश करणारे मला नको आहेत.’ दोघांनाही नको असलेला माणूस वेगवेगळा आहे, एवढाच तो वाद. एकदा ते बोलून झालं की दोघंही बरंच शांतपणे मान्य करतात की दोन्ही प्रकारची वीज लागणार आहे.

माझ्या आवडीचं उदाहरण मात्र दक्षिण ऑस्ट्रेलियाचं. २८ सप्टेंबर २०१६ ला तिथे भयंकर वादळ झालं, उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे कोसळले आणि जवळपास सतरा लाख वस्तीचं अख्खं राज्य अंधारात गेलं. दिवे परत लागायच्या आत भांडण पेटलं. एक बाजू म्हणाली पवनचक्क्यांनी घात केला, दुसरी म्हणाली वादळाने. चौकशीत निघालं ते दोघांनाही गैरसोयीचं होतं. मनोरे पडल्यामुळे विजेचा दाब (व्होल्टेज) वारंवार खचला. ठरावीक वेळा दाब खचला की मागे हटायचं, असं काही पवनचक्क्यांच्या संरक्षणयंत्रणेत आधीच बसवलेलं होतं; त्या मागे हटल्या. मग शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर भार पडला, तीही आपोआप बंद पडली आणि सगळं गेलं. म्हणजे वादळ हे कारण होतंच, आणि पवनचक्क्यांच्या यंत्रणेतला एक आकडाही कारण होता, जो नंतर बदलता आला. ‘पवनचक्क्या वाईट’ आणि ‘पवनचक्क्या निर्दोष’ या दोन्ही घोषणांत हा आकडा बसत नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये माइक कॅनन-ब्रूक्स या ऑस्ट्रेलियन उद्योजकाने ट्विटरवर इलॉन मस्कला जाहीर विचारलं की बॅटरी लावून हा प्रश्न सोडवतो म्हणता, ते खरंच का? मस्कने तिथेच शब्द दिला: करारावर सही झाल्यापासून शंभर दिवसांत, नाहीतर फुकट. १ डिसेंबर २०१७ ला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलची बॅटरी सुरू झाली, १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तासांची, तेव्हा जगातली लिथियम-आयन प्रकारची सर्वांत मोठी. (चारचौघांसमोरच्या बोलाचालीतून काहीच निघत नाही म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो. त्या बोलाचालीत एक अब्जाधीश होता हे सांगायचं मी शक्यतो टाळतो.)

या बॅटरीवर माझा एका माणसाशी बराच लांबलेला वाद झाला. वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षात काम करतो असं त्याने सांगितलं होतं, आणि बोलण्यावरून ते खरंच वाटत होतं. त्याचा पहिला टोला: १२९ मेगावॉट-तास म्हणजे अख्खं राज्य चालवायचं तर पाच-सहा मिनिटांत खडखडाट. हिशेब बरोबर होता. मी म्हटलं, पाच मिनिटंही नाही, कारण एका वेळी ती १०० मेगावॉटच्या वर देऊच शकत नाही. पण राज्य चालवायला ती आणलीच कुणी? तिचं मुख्य काम फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो ठरलेला वेग, सांभाळायचं. ग्रिडवर, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यावर, कुठे मोठा वीजनिर्मिती संच बंद पडला की फ्रिक्वेन्सी घसरते, आणि पहिल्या काही सेकंदांत ती सावरली नाही तर एकामागून एक गोष्टी बंद पडत जातात. सुरू झाल्यावर दोन आठवडे व्हायच्या आतच शेजारच्या व्हिक्टोरियातला कोळशाचा एक मोठा संच बंद पडला, तेव्हा या बॅटरीने सेकंदाच्या आत वीज सोडली होती. थोडीच, सातेक मेगावॉट, पण लगेच.

यावर तो म्हणाला, कबूल, पण शेकडो टनांची फिरती चाकं जे करतात ते हिला जमत नाही. मग पुढचे कित्येक दिवस मला जडत्वाचं शिक्षण मिळालं. कोळसा, पाणी किंवा अणुभट्टीवर फिरणारी जनित्रं वेगात असतात. धक्का बसला की त्यांची गतीच आधी तो झेलते, कुणी आज्ञा द्यावी लागत नाही. सौर आणि बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून, म्हणजे एकदिश वीज उलटसुलट विजेत बदलणाऱ्या यंत्रातून, येते, तिथे हे वागणं मुद्दाम प्रोग्राम करून आणावं लागतं. आणता येतं, तसे इन्व्हर्टर आता लागूही लागले आहेत, पण ते आपोआप येत नाही. सौरऊर्जेवरचे कितीतरी उत्साही लेख मी वाचले होते, त्यांतल्या फार थोड्यांनी हे इतकं नीट सांगितलं होतं.

शेवटी तो जिथे थांबला, ते वाक्य तांत्रिक नव्हतं. ‘माझ्या पाळीत ग्रिड पडलं तर फोन मला येतो, तुम्हाला नाही.’ यावर माझ्याकडे आकडा नव्हता, आणि त्याला तो नकोही होता. धोरण ठरवणारे एक, श्रेय घेणारे दुसरे, आणि रात्री तीन वाजता जबाबदार तिसराच, ही त्याची तक्रार होती. ती बॅटरीबद्दलची नव्हतीच. हा माणूस मला ओळखत नव्हता, म्हणूनच हे सगळं मिळालं. मित्र आपल्याला सूट देतात. ‘तू म्हणतोस तर असेल’ म्हणतात आणि विषय सोडतात. अनोळखी माणसाला आपल्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नसतं. तो एकक विचारतो, कालावधी विचारतो, कशाच्या तुलनेत म्हणताय ते विचारतो.

कालावधीवरून आठवलं. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट वाईट, यावर दोन शहाणी माणसं एकमेकांना खोटारडी ठरवताना मी पाहिली आहेत. एक वीस वर्षांचा हिशेब धरून ऐंशीच्या आसपास म्हणत होता, दुसरा शंभर वर्षांचा धरून अठ्ठावीसच्या आसपास. मिथेन हवेत बारा-एक वर्षं टिकतो, म्हणून हिशेबाची मुदत लांबवली की पट कमी होते. इथे तंटा खरोखर नव्हताच. असे वाद सोडवायला सोपे असतात आणि त्यातून शिकायला फारसं काही नसतं.

तसंच हवेतून कार्बन शोषणाऱ्या यंत्रांचं. आइसलँडचा २०२१ मध्ये सुरू झालेला ‘ओर्का’ प्रकल्प वर्षाला ४,००० टन शोषेल असा आराखडा होता. जग इंधन आणि उद्योगांतून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतं. भागाकार केला तर ओर्काचं पूर्ण क्षमतेचं वर्ष म्हणजे जगाचे तीन-चार सेकंद. हा भागाकार कुणासमोर मांडला की तो गप्प तरी होतो किंवा ‘सुरुवात अशीच असते’ म्हणतो. सौर पॅनेलचीही सुरुवात अशीच होती, हे खरं. १९५४ चा बेल लॅब्जचा सेल जेमतेम सहा टक्के ऊन वापरात आणायचा. पण पॅनेल एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर वेळी स्वस्त होत गेलं म्हणून प्रत्येक यंत्र तसंच होईल, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. मी इथे शंकेखोरांच्या बाजूला बसतो.

राजकारणाच्या वादात मात्र भागाकार चालत नाही. कॅनडाने इंधनावर कार्बन शुल्क लावलं आणि गोळा झालेला बहुतेक पैसा घरोघरी परत दिला. सरकारचा हिशेब असा होता की बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळायचं. तरी ते इतकं नकोसं झालं की एप्रिल २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांवरचं शुल्क काढून टाकावं लागलं. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनकराच्या वाढीवरून पिवळी जॅकेटं घातलेले आंदोलक रस्त्यावर आले. अर्थशास्त्र जाणणारे मला सांगतात की लोकांना हिशेब कळला नाही. मला उलट वाटतं. पंपावर जाणारा पैसा दर आठवड्याला दिसतो, खात्यात येणारा अधूनमधून आणि मुकाट येतो. त्यात शहरात मेट्रोने जाणारा मंत्री गाडीवाचून पर्याय नसलेल्या माणसाला शिस्त लावतोय असं चित्र उभं राहतं. हे चित्र आकड्याने पुसत नाही. ते पुसायचं तर आधी बस सुरू करावी लागते.

वाद घातला की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो, असंही मला बजावलं जातं. नायहन आणि राइफ्लर या संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासात काही विषयांवर तसं दिसलं होतं खरं. पण वुड आणि पोर्टर यांनी पुढे हजारो लोकांवर, अनेक विषय घेऊन तपासलं, तेव्हा तो परिणाम जवळपास सापडलाच नाही. लोक दुरुस्ती बऱ्यापैकी स्वीकारतात. त्यांची बाजू मात्र बदलत नाही. माझ्या अनुभवाशी हे जुळतं: ‘ज्वालामुखीचं तुमचं बरोबर’ म्हणतात आणि जिथे आहेत तिथेच उभे राहतात. त्यांना तिथे उभं ठेवणारं कारण ज्वालामुखी नव्हतंच.

आता यालाच जोडून येणारा दुसरा प्रश्न: मग थांबता कधी? न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं शोधण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहण्याची वितंडा. पहिला मिळाला तर नशीब. दुसराही मला चालतो. जिंकायला निघालेला माणूस निदान आकडे शोधून आणतो. तिसऱ्यासाठी मी एकच प्रश्न ठेवलाय: ‘बरं, तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ उत्तर आलं, अगदी अर्धवट आलं, तरी मी बसतो. उत्तराऐवजी पुन्हा ०.०४ टक्के आलं की उठतो. खाली बहुतेक वेळा ‘पळाला’ असं लिहिलं जातं. लिहू दे.