पेट्रापोलचं गेट आणि वरूडचा भाव

ऑक्टोबर लागला की आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्याच्या पट्ट्यात, वरूड-मोर्शीकडे, कोणत्याही टपरीवर बसा, एक प्रश्न हमखास कानावर पडते, "बांगलादेशचं काय म्हणते?" मुंबईचं नाही, दिल्लीचं नाही, पहिले बांगलादेश. जो माणूस जिंदगीत कधी रायपूरच्या पुढे गेला नाही तोही बेनापोल, एलसी (म्हणजे माल घेणाऱ्याच्या बँकेची पैशाची हमी), ड्युटी असे शब्द असे वापरते की जसं मोर्शीच्या बाजाराचं बोलून राहिला. बाहेरच्याला हसू येईल, पण आमच्या आंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या संत्र्याचा, भाव खरंच तिकडे ठरायचा. व्हॉट्सअॅपवर या विषयावर जे फिरते त्यात अर्धं हवेतलं असते, म्हणून म्हटलं आपल्याला जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं तरी लिहून टाकावं.

पेट्रापोल म्हणजे पश्चिम बंगालमधला बॉर्डरचा नाका, उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, बनगावच्या पुढे, कोलकात्यापासून साधारण ८० किलोमीटर. पलीकडे बेनापोल, तो बांगलादेशचा जशोर जिल्हा. भारत-बांगलादेश रस्त्याने जो व्यापार होतो त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा या एका नाक्यावरून जातो, सूत, कापड, केमिकल, गाड्यांचे चेसिस, मिरची, कांदा, काय म्हणाल ते. आणि त्यात आमचा संत्रा.

आता माल इथून कसा जातो ते ऐका. व्यापारी बाग पाहून जातो, इसार देतो, मग तोडा. आमचा संत्रा ढिल्या सालीचा, हीच त्याची खुबी आणि हेच त्याचं दुखणं. फळ हाताने ओढलं की देठाजवळ साल फाटते आणि दोन दिवसात तिथून सडायला लागते, म्हणून बारक्या कात्रीने देठ कापायचा आणि फळावर हिरवी टिकली तेवढी ठेवायची. घाईत असलेले मजूर ओढूनच तोडतात, त्याच्यावरून दरवर्षी बागेत एक तरी भांडण ठरलेलं. मग वॅक्सिंगच्या प्लांटवर फळ धुतल्या जाते, ब्रशच्या रोलरवरून जाते, वर मेणाचा फवारा, पंख्याखाली सुकलं की साइजप्रमाणे वेगळं पडते. शेवटी बाया उभ्या असतात, डाग असलेलं, नरम पडलेलं फळ उचलून बाजूला टाकतात, आणि त्यांचा हात इतका फास्ट चालतो की आपल्याला डाग दिसायच्या आधी फळ गायब. तिथून कॅरेट, कॅरेटवरून ट्रक.

माझा धाकटा साळा बरेच हंगाम या लाइनला ट्रकवर होता. नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असं करत बाराशे-तेराशे किलोमीटर, आणि तो म्हणते की सगळ्यात जास्त जीव शेवटच्या तुकड्यात जाते, बारासातच्या पुढे जशोर रोडवर. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला शंभर-शंभर वर्षांची झाडं, त्या झाडांवरून केस थेट सुप्रीम कोर्टात गेली होती, आणि २०२३ मध्ये कोर्टाने पुलांसाठी ३५६ झाडं तोडायला परवानगी दिली. साळ्याला झाडांचं काही नाही, त्याला ताडपत्री फाटायची भीती.

बॉर्डरवर पोचलं म्हणजे पोचलं असं नाही. इकडे एजंट कागद करतो, शिपिंग बिल, फळाला रोग-कीड नाही याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, कस्टमची मंजुरी, मग ड्रायव्हर आणि गाडीचा कार पास. तो पास घेऊन आपलीच गाडी गेट ओलांडून बेनापोलच्या यार्डात जाते, तिथं माल त्यांच्या गाडीत किंवा शेडमध्ये उतरते, आणि आपली गाडी रिकामी परत. आपला ड्रायव्हर यार्डाच्या पुढे जाऊ शकत नाही. इतक्या वेळा तिकडे जाऊन आला पण बांगलादेश काही पाहिला नाही पठ्ठ्यानं, पाहिला तो फक्त एक यार्ड. फोनचं नेटवर्क जाते, घड्याळ अर्धा तास पुढे, गाडीच्या बाजूला स्टोव्ह लावून खिचडी, आणि कॅबिनमध्ये झोप.

आणखी एक गंमत, जी आमच्या इथल्या फार कमी लोकांच्या ध्यानात येते. तिकडच्या बँकांना सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपल्या बँका रविवारी बंद. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी जर कागद अडकला तर सोमवार उजाडेपर्यंत कोणती ना कोणती खिडकी बंदच. लोखंडाला काही फरक पडत नाही, संत्र्याला पडते.

पहिले तर लाइनीच भयंकर होत्या. बनगावच्या आजूबाजूला पार्किंगमध्ये ट्रक दिवसच्या दिवस उभे राहायचे, साधा सुका माल असला तर आठवड्यावर आठवडे, आणि उभं राहायचेही पैसे लागायचे. नाशवंत मालाला पुढे काढतात म्हणून आमचं थोडं बरं, तरी जीव टांगणीला. मग हळूहळू सुधारणा झाली, हे मान्य करावंच लागते. २०१६ मध्ये पेट्रापोलला इंटिग्रेटेड चेकपोस्ट झालं, गोदाम, कस्टम, क्वारंटाइन सगळं एका आवारात. २०२२ मध्ये बंगाल सरकारचं सुविधा पोर्टल आलं, ट्रकचा स्लॉट ऑनलाइन बुक करा आणि त्या टायमाला या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमित शहांच्या हस्ते मैत्री द्वार नावाचं मालगाड्यांचं नवीन गेट उघडलं.

आणि नेमकं इथंच सगळं गणित उलटं झालं. जेव्हा गेट लहान होतं, लाइन लांब होती, दलाल पैसे खायचे, तेव्हा आमचा संत्रा धडाधड जायचा. गेट मोठं झालं, लाइन कमी झाली, आणि आता गाडीच भरत नाही.

कारण ड्युटी, म्हणजे तिकडचा आयात कर. २०१९ ला बांगलादेशात आपल्या संत्र्यावर किलोमागे २० रुपये लागायचे. पुढच्या वर्षी ३०, मग ५१, मग ६३, आणि २०२३ मध्ये ८८. चार वर्षांत चौपटीच्या वर. आता ही ड्युटी कागदावर टक्क्यांत असते, पण तिकडचं कस्टम फळाची किलोमागे एक ठरावीक किंमत धरून ती लावते, मालाचा खरा भाव पाहून नाही, ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. समजा बांधावर संत्रा २५ रुपये किलो आहे आणि दुसरा चांगला मोठा रंगदार माल ४० रुपये. दोघांवर टॅक्स सारखाच ८८. म्हणजे तिकडचा इम्पोर्टर हलका माल कशाला घेईल, तेवढाच टॅक्स भरायचा आहे तर निवडक फळच आणेल. तेही कमी, कारण ढाक्याच्या गिऱ्हाईकाला तो संत्रा सफरचंदाच्या भावात पडते. त्यामुळे एक्स्पोर्टवाला येतो तो बागेतला वरवरचा माल मागतो आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, तुमच्या गळ्यात. पहिले सरसकट बाग जायची, लहान-मोठं सगळं. ज्या शेतकऱ्याची जमीन हलकी, पाणी कमी, त्याचं फळच बारीक, तर मार त्यालाच जास्त बसला. वरूड तालुक्यात पाण्याची पातळी किती खोल गेली हे वेगळं सांगायला नको.

गावात सगळे म्हणतात हे कांद्याचं उट्टं काढलं त्यांनी. आपण २०१९ च्या सप्टेंबरात कांदा निर्यात अचानक बंद केली, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा, तेव्हा तर कांद्याचे ट्रक बॉर्डरवरच उभे राहिले आणि तिथंच सडले. डिसेंबर २०२३ ला परत बंदी. तर बांगलादेशवाले चिडले आणि संत्र्यावर सूड घेतला, अशी थिअरी. ऐकायला बरी वाटते, नाशिकवाल्यांचं पाप आमच्या माथी असं म्हणता येते. पण मला ती अर्धीच पटते. २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलरचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांनी फळं चैनीच्या मालात धरली, मे महिन्यात फळांवरची रेग्युलेटरी ड्युटी, म्हणजे वरून लावलेला जादा कर, एकदम वाढवली आणि नंतर एलसी उघडायला पूर्ण पैसे आधी भरा असा नियम लावला. हे सफरचंद-द्राक्षं सगळ्यांना लागू होतं, काही खास आमच्यासाठी नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये आयात फळांवरची सप्लिमेंटरी ड्युटी, म्हणजे असाच आणखी एक जादा कर, २० टक्क्यांवरून ३० केली तेव्हा खुद्द तिथलेच फळ इम्पोर्टर बोंबलले. कांद्याने मन खराब झालं असेल, पण खिसा पहिलेच रिकामा होता.

आपल्या सरकारने काय केलं? २०२३ च्या डिसेंबरात, नागपूरचं अधिवेशन सुरू असताना, ड्युटीच्या निम्मं म्हणजे किलोला ४४ रुपये अनुदान जाहीर केलं, जवळपास १७० कोटी. पेपरात मोठ्या हेडलाइनी. आता अनुदान निर्यातीच्या कागदावर, आणि निर्यातीचा कागद शेतकऱ्याच्या नावावर असतो का? शिपिंग बिल एक्स्पोर्टरच्या नावावर. आमचा काका त्या वेळी जे बोलला ते इथं लिहिता येत नाही, पण मतलब असा होता की, "मायबाप सरकारने दूध देल्लं, पण वाटी दुसऱ्याच्या हातात."

बरं ऑगस्ट २०२४ ला तिकडे सरकारच पडलं, हसीना दिल्लीला आल्या, काही दिवस बॉर्डरवरची ये-जा ठप्प. आंबियाचे सौदे नेमके त्याच सुमारास सुरू होतात. बागेत आलेले व्यापारी गप, "थोडं पाहू, थोडं थांबू" सुरू, आणि थांबायला फळ काही तयार नसते, गळ सुरू झाली की रोज सकाळी झाडाखाली पैसेच पडलेले दिसतात.

लोक म्हणतात मग दुबईला पाठवा. पाठवतातही थोडंफार. पण आमचं फळ सालीला ढिलं, आत बिया भरपूर, समुद्रातून कंटेनरमध्ये टिकवायचं म्हणजे तोडल्यापासून कोल्ड चेन पाहिजे, आणि आमच्याकडे सीझनला वॅक्सिंगच्या प्लांटवर लाइट टिकला तरी खूप. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा शिक्का, मिळाला, त्याने नाव झालं, साल काही जाड झाली नाही. बांगलादेश आम्हाला सूट का झालं होतं तर ट्रकने थोड्याच दिवसात पोचता येणारं, आमच्याच चवीचं आंबट-गोड फळ खाणारं तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक होतं. एकाच गिऱ्हाइकावर एवढा मोठा संत्र्याचा पट्टा उभा केला, त्यात सरकार, व्यापारी, विद्यापीठ, आम्ही, सगळेच आले.

आणि हे फक्त संत्र्याचं नाही, म्हणून कापूसवाल्यांनी फार हसू नये. आपल्या कापसाचं सूत होते आणि भारतीय सुताचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बांगलादेशच. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी बेनापोलसकट जमिनीवरच्या नाक्यांवरून सूत घेणं बंद केलं, जहाजानेच आणा म्हणाले. आपण मे महिन्यात त्यांचे तयार कपडे जमिनीवरून बंद केले, न्हावा शेवा नाहीतर कोलकाता बंदरातूनच या म्हणून. ते गेट बांधायला दोन्हीकडून एवढी वर्षं आणि एवढा पैसा लागला आणि त्यातून काय जाऊ द्यायचं नाही याची यादी मात्र लांब होत गेली.

या हंगामात आम्ही बाग सरसकट दिली नाही. वरचा माल निवडून एकाला, बाकीचा टनावर दुसऱ्याला, आणि बांगलादेशच्या भावावर सौदा करतो म्हणणाऱ्याला काकाने एकच विचारलं, "एलसी उघडली का?" नाही म्हटल्यावर इसार जास्त मागितला. तो उद्या येतो म्हणून गेला आहे.