उरलेल्या टाइल आणि फेकून दिलेली खोकी

घराच्या दुरुस्तीत फरशीच्या काही टाइल उरल्या. त्या मी नीट भिंतीला टेकवून ठेवल्या आणि रिकामी खोकी रद्दीत देऊन टाकली. काही महिन्यांनी त्या विकायला काढल्या, तेव्हा चौकशी करणाऱ्या प्रत्येकाने आधी बॅच नंबर विचारला. तो खोक्यावर छापलेला होता. एकाही टाइलचा टवका उडालेला नसताना तो माल शेवटी राडारोड्याच्या गोणीत गेला.

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, उरलेले बांधकाम साहित्य बहुधा खराब होऊन नव्हे, तर ओळख हरवल्यामुळे कचरा ठरते. एकाच नमुन्याच्या टाइल वेगवेगळ्या वेळी भाजल्या की भट्टीतील तापमानाच्या किंचित फरकाने त्यांची रंगछटा बदलते आणि आकुंचन कमीजास्त झाल्याने मापातही थोडा फरक पडतो. म्हणून कारखान्यातच त्यांची छटा आणि माप यांनुसार वर्गवारी करून तसे क्रमांक खोक्यावर छापतात. ते क्रमांक माहीत नसलेली टाइल दुसऱ्याच्या फरशीत बसवणे म्हणजे ठिगळ लावणेच.

माल उरतो, तो केवळ निष्काळजीपणामुळे नव्हे. समजा, ६० चौरस मीटर फरशी करायची आहे. कापणी आणि तूटफूट यांसाठी १० टक्के जास्त धरले, तर ६६ चौरस मीटर टाइल लागतील. ६० सेंटिमीटरच्या चार टाइलच्या एका खोक्यात १.४४ चौरस मीटर माल येतो, म्हणजे ४६ खोकी घ्यावी लागतात. मिस्त्री कुशल असेल आणि प्रत्यक्षात चारच टक्के माल वाया गेला, तर दहा टाइल, म्हणजे दोन न उघडलेली खोकी आणि दोन सुट्या टाइल उरतात. पुढच्या दुरुस्तीसाठी काही ठेवाव्यातच. पण हाच हिशेब अनेक मजल्यांच्या इमारतीला लावला की शिलकीचा आकडा आपोआप मोठा होतो. जास्तीचा माल मागवूच नये, हा उपदेश मला पटत नाही, कारण काम अर्धवट असताना त्याच बॅचचा माल पुन्हा मिळेलच असे नसते.

सगळ्याच मालाला विकले जाण्यासाठी सारखा अवधी मिळत नाही. नळ, सिंक, दारे, सळया कोरड्या जागी बराच काळ टिकतात. सिमेंट मात्र हवेतील ओलावा शोषते आणि साध्या साठवणीत तीन महिन्यांत त्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. त्यामुळे ते विकायचे तर काम संपायच्या आतच विकावे. जुने, गुठळ्या झालेले पोते स्वस्तात मिळाले तरी ते स्लॅब किंवा खांबाच्या कामी कोणी घेऊ नये. दुकानात छटा मिसळून घेतलेला रंग सहसा परत घेतला जात नाही. तो त्याच छटेची गरज असलेल्या गिऱ्हाइकालाच विकता येतो.

विक्रीची नीट व्यवस्था असली की काय होते, याचे एक उदाहरण कॅनडातील विनिपेगचे आहे. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेचे पहिले ‘रीस्टोअर’ तेथे १९९१ मध्ये उघडले. लोकांनी दान केलेले उरलेले किंवा वापरलेले साहित्य तेथे विकले जाते आणि आलेला पैसा घरबांधणीच्या कामाला लागतो. अशा दुकानात माल निवडून, मोजून आणि मांडून ठेवलेला असतो. चालू कामावर नेमका त्याच श्रमाला वेळ नसतो, म्हणून गाडी बोलावून सगळे एकत्र उचलून नेणे कंत्राटदाराला सोयीचे वाटते.

त्यातच उरलेला माल कोणाचा, हेही अनेकदा ठरलेले नसते. मजुरीचे कंत्राट असेल तर तो सहसा मालकाचा, मालासकट कंत्राट असेल तर सहसा कंत्राटदाराचा. पण हे लिहून ठेवले नसेल, तर कोणीच तो सांभाळत नाही. यंदाच्या कामात मी करारात तसे एक वाक्य घातले आहे, आणि प्रत्येक खोके उघडण्यापूर्वी लेबलचा फोटो काढायचे काम मिस्त्रींनी, थोडे हसत का होईना, आपल्याकडे घेतले आहे.