आमची वाटचाल : मुंबईच्या उन्हाळ्यासाठी जीन्स

लोअर परळच्या गाळ्यात आम्ही 1994 पासून एकच कट शिवत आलो आहोत : बेंबीच्या किंचित खाली बसणारी कंबर, खोल आसन (म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग), मांडीत मोकळीक आणि गुडघ्यापासून थेट सरळ उतरणारा पाय. मधल्या काळात बाजारात बेलबॉटम परतले, लो-वेस्ट आले, पायाला चिकटणारी स्किनी आली; आमचा फर्मा, म्हणजे कापड बेतण्याचा मापाचा साचा, मात्र बदलला नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत जीन्स घालणे अशक्य आहे असे जे सांगतात, त्यांनी बहुधा दुसऱ्या हवेसाठी बेतलेली जीन्स अंगावर चढवलेली असते, हे माझे ठाम मत आहे.

हा कट आम्ही शोधून काढलेला नाही. अमेरिकेतील रेनो येथील शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना 20 मे 1873 रोजी ज्या रिव्हेट (धातूच्या खिळ्या) मारलेल्या पँटचे पेटंट मिळाले, ती पँट कामकऱ्यांची होती. ती सैल असे आणि गॅलिसने खांद्यावर पेलली जाई. त्यांच्या कंपनीने पट्ट्यासाठी लूप लावले ते 1922 मध्ये. वाकणाऱ्या, बसणाऱ्या आणि घाम गाळणाऱ्या माणसासाठी जी पँट बेतली गेली, ती परळ-लालबागच्या माणसाला सोयीची वाटावी यात नवल नाही.

आमच्या हवेत अडचण उकाड्यापेक्षा दमटपणाची अधिक आहे. पारा 33-34 अंशांवर असला तरी हवेत बाष्प इतके असते की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंगाला गारवा मिळत नाही. म्हणून कापड आणि कातडी यांच्या मध्ये हवा खेळली पाहिजे. मांडीत दोन इंच मोकळीक असली की चालताना प्रत्येक पावलागणिक आतली गरम हवा बॉटममधून, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडातून, बाहेर पडते आणि नवी आत येते. चिकट जीन्समध्ये तिला वाटच राहत नाही. स्ट्रेच कापडाने हा प्रश्न सुटतो असे दुकानदार सांगतात, ते मला पटत नाही. आडव्या धाग्यात एक-दोन टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) असण्याला माझी हरकत नाही. पण त्याच्या आडून जे पॉलिस्टर मिसळले जाते, त्याला आहे. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घाम पायावरच राहतो, आणि चर्चगेटहून निघालेला माणूस बोरिवलीला उतरेपर्यंत हैराण होतो.

कापडाचे वजन विचारल्याशिवाय जीन्स घेऊ नये. डेनिम औंसात मोजतात, म्हणजे एका चौरस यार्डाचे वजन. एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 34 ग्रॅम. चौदा औंसाचे कापड थंड मुलखात शोभते. आम्ही उन्हाळ्यासाठी नऊ ते दहा औंसाचे, निव्वळ सुती, तीनास एक ट्विलचे (तीन धाग्यांवरून आणि एकाखालून जाणाऱ्या तिरक्या विणीचे) कापड वापरतो. आठच्या खाली गेले की गुडघ्याला फुगा येतो आणि आसनाजवळ कापड विरते. घरी काटा नसतो, तेव्हा कापड दिव्यासमोर धरावे. बारीक बारीक उजेड दिसला तर वीण श्वास घेणारी आहे असे समजावे. खिशांचे अस्तरही चिमटीत धरून पाहावे. वरून शंभर टक्के सुती म्हणवणाऱ्या जीन्सला आतून पॉलिस्टरचे खिसे लावलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि जांघेत घाम नेमका तिथेच साचतो. आम्ही सुती पॉपलिन लावतो. ते थोडे लवकर झिजते, पण बदलून देता येते.

गाळ्यात शिरताच डाव्या हाताला फीड-ऑफ-द-आर्म मशीन आहे. बंद पडलेल्या एका एक्सपोर्ट कारखान्याच्या लिलावातून आम्ही ती जुनीच घेतली. पायाची शिलाई तिच्या गोल दांड्यावरून नळीसारखी सरकते आणि कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, सपाट दाबून शिवल्या जातात. ओव्हरलॉक करून, म्हणजे कडेवर नुसता दोरा गुंफून, सोडलेल्या शिलाईला आतून काठ राहतो. घामेजलेल्या मांडीला तो दिवसभर घासतो आणि संध्याकाळी चट्टे उठतात. या मशीनवर शिवलेल्या पँटच्या आतून बोट फिरवले तर कुठे अडत नाही. तिचा लूपर (खालून दोरा गुंफणारा भाग) बसवणे हे कौशल्याचे काम आहे. आमच्या मास्टरांखेरीज तिला कोणी हात लावत नाही, आणि लावूही नये.

सुरुवातीच्या वर्षांतले एक गिऱ्हाईक आजही येते. ते चिंचपोकळीचे वायरमन आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. शिडी चढणे, माळ्यावर उकिडवे बसणे, पंख्याचा कप उघडताना हात वर करून ताटकळत उभे राहणे हे त्यांचे रोजचे काम. पहिली जीन्स त्यांनी पैसे देण्याआधी गाळ्यातच घातली, खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "मागून कंबर खाली ओढते आहे, शेठ. पुढे आहे तेवढेच राहू द्या, मागे वाढवा." मास्टरांनी तिथल्या तिथे खडूने खूण केली. तेव्हापासून आमचे मागचे आसन पुढच्यापेक्षा चार इंच मोठे असते, आणि मागच्या योकचा (कमरेखालच्या जोडपट्टीचा) उतारही त्याप्रमाणे ठेवलेला आहे. आरशासमोर ताठ उभे राहून जीन्स निवडणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ट्रायल रूममध्ये उकिडवे बसा, मग स्टुलावर बसा आणि पट्टा न लावता चालून पाहा.

आता 2012 विषयी. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याने आमची जीन्स पाहिली, वाखाणली आणि उन्हाळ्यासाठी मोठी ऑर्डर दिली. व्यवहार विकेल तेवढ्याचे पैसे, उरलेला माल परत, असा होता. नमुना मंजुरीसाठी म्हणून फर्म्याची प्रत मागितली गेली आणि आम्ही ती विश्वासाने दिली. मूळजी जेठा मार्केटमधून कापड उधारीवर उचलले, जादा कारागीर घेतले, रात्रपाळी केली. एप्रिल-मेमध्ये माल चांगला खपतो आहे असे त्यांच्याच काउंटरवरची मुले सांगत होती. जुलैमध्ये मात्र टेम्पो भरून माल परत आला. प्लास्टिकच्या पिशव्यांत दमट अवस्थेत कोंबलेल्या पँटांच्या घड्यांवर पांढरी बुरशी चढली होती, आणि सोबत "सदोष माल" म्हणून डेबिट नोट, म्हणजे आमच्या नावे रक्कम टाकणारी चिठ्ठी, होती. जो माल त्यांच्या गोदामात भिजला, त्याचा दोष आमच्या माथी मारण्यात आला. पत्रे पाठवली, खेटे घातले. तो अधिकारी बदलून गेल्याचे सांगण्यात आले आणि नव्याला काहीच ठाऊक नव्हते.

पुढच्या मार्चमध्ये त्याच दुकानात आमचाच कट टांगलेला मी पाहिला. लूपची जागा तीच, योकचा उतार तोच. फक्त कापड वाचवण्यासाठी मागचे आसन दोन इंच कापलेले होते आणि कापडात पॉलिस्टर होते. किंमत आमच्यापेक्षा दोनशे रुपयांनी कमी होती. त्या दिवशी झालेला संताप आजही उतरलेला नाही, आणि तो उतरावा असे मला वाटतही नाही. ज्या फर्म्यावर काकांच्या पाठीचा आणि मास्टरांच्या हाताचा हक्क होता, तो त्यांनी फुकट नेला आणि वर बिघडवला.

कापडवाल्याची उधारी फेडण्यासाठी सौभाग्यवतींचे दागिने गहाण पडले. दोन ओव्हरलॉक मशीन विकल्या. फीड-ऑफ-द-आर्मला चांगली किंमत येत होती. ती दिली नाही. कारागिरांचा पगार एकदाही चुकला नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. ती दिवाळी निघाली काकांमुळे. त्यांनी आपल्या ओळखीचे वायरमन, प्लंबर, लिफ्टची कामे करणारे अशी माणसे एकामागून एक गाळ्यात आणून उभी केली. त्यांनी रोख पैसे दिले आणि बुरशी लागलेला माल धुऊन, उन्हात वाळवून घेतला.

पुढे सगळे सुरळीत झाले, दागिनेही सुटले. तेव्हापासून कोणत्याही दुकानाला आम्ही माल परतीच्या बोलीवर दिलेला नाही आणि फर्मा गाळ्याबाहेर गेलेला नाही. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनीही नमुना म्हणून शिवलेली पँट द्यावी, फर्मा कदापि देऊ नये.

उन्हाळ्याचा माल आम्ही फेब्रुवारीत कापायला घेतो. उन्हात फिरणाऱ्यांसाठी फिक्या वॉशचा, कारण गडद निळा रंग ऊन अधिक शोषतो. कार्यालयात बसणाऱ्यांनी गडद घेतला तरी चालेल. माप देताना नेहमीच्या कमरेबरोबर बसल्यावरची कंबर आणि मांडीचा सर्वांत जाड भाग अवश्य मोजून आणावा. धुताना जीन्स उलटी करावी, गार पाण्यात धुवावी आणि सावलीत, कमरेकडून टांगून वाळवावी. पहिल्या धुण्यात ती लांबीला थोडी आटते, म्हणून बॉटम आम्ही एक धुणे झाल्यावरच, पुन्हा गाळ्यात बोलावून, दुमडून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.