ऊसतोडीचा हंगाम आणि इंजेक्शनची तारीख: फिरत्या सायकियाट्रिक नर्सचा माझा अनुभव

मी मराठवाड्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक नर्स आहे. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही कारण पुढं ज्या बाईबद्दल सांगणारे तिची ओळख कुणाला पटायला नको, तिचं वय, लेकरं, गाव यातलंही थोडं इकडंतिकडं केलंय, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

आमचं काम फिरतीचं. टीममध्ये डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट मॅडम, सोशल वर्कर आणि मी. महिन्यातले ठरलेले वार असतात, एखाद्या तालुक्याला दुसरा बुधवार, एखाद्याला तिसरा शुक्रवार, असं. त्या दिवशी सकाळी सातला सिव्हिलमधून गाडी निघते, माझ्या मांडीवर इंजेक्शनचा डबा आणि पायाशी रजिस्टरची पिशवी. ग्रामीण रुग्णालयात एक खोली मिळते, कधी लसीकरणाची, कधी फार्मसीच्या शेजारची, आणि दुपारी तीनपर्यंत ओपीडी चालते. फिट येणारे, झोप न लागणारे, दारू सोडायला आलेले, सिझोफ्रेनियाचे, बाळंतपणानंतर बिघडलेल्या बायका, सगळे एकाच रांगेत. त्यात काहींना महिन्याचं डेपो इंजेक्शन असतं, फ्लुफेनाझिन, तेलातलं औषध, स्नायूत खोल दिलं की तीन-चार आठवडे हळूहळू अंगात उतरत राहतं. ज्यांना रोज गोळी जमत नाही किंवा जे गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकून टाकतात त्यांना याचा फार आधार.

जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झाल्यावर मी वर्षभराचा सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा पोस्टिंग मनोरुग्णालयात होती. तिथं पेशंट चोवीस तास डोळ्यासमोर, रात्री कोण झोपलं, कुणी ताट परत पाठवलं, कुणाचा हात थरथरतोय, सगळं दिसायचं. इथं एकाला मिळतात पाच-सात मिनिटं आणि मग महिनाभर काहीच दिसत नाही. म्हणून कागदावरची पुढची तारीख हीच माझी खरी ड्युटी, ती पाळली गेली तर उपचार चालू, चुकली की माणूस हातातून गेला.

पहिल्या वर्षी मी तारखा अगदी मन लावून लिहायचे, लाल पेनानं, दोनदा वाचून दाखवायचे. आणि दिवाळी झाली तशी ओपीडीतली निम्मी बाकडी रिकामी. मला वाटलं सणाचं असेल, येतील. डिसेंबरात पण तेच. मग आशाताईला विचारलं तर ती म्हणाली, "सिस्टर, गावात आता म्हातारी अन् शाळंची लेकरंच हायेत, बाकी समदे कोयत्यावर गेले." मी मराठवाड्यातलीच, ऊसतोड काय मला माहीत नव्हती का, पण माझ्या रजिस्टरमधली माणसं त्याच टोळ्यांमध्ये असणार हे डोक्यातच आलं नव्हतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, टोळ्या घेऊन जातो, सांगली, सातारा, कोल्हापूर, पुढं कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत गाव बंद. आम्ही फिरतीवर आणि आमचे पेशंटही फिरतीवर, भेट व्हायची कशी?

ती बाई त्यातलीच. पंचविशीची, दोन लेकरं, दुसऱ्या बाळंतपणानंतर आवाज ऐकू यायला लागले, आपल्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय असं वाटून घरातलं पाणी प्यायची नाही, दोन वर्षं देवऋषी झाले, अंगारे झाले, मग आशाताईनं आमच्याकडं आणलं. डेपो सुरू केल्यावर चार महिन्यांत ती स्वतः चुलीवर भाकरी करायला लागली, सासू तर मला बघितलं की कडाकडा बोटं मोडून माया करायची. आणि ऑक्टोबरात सगळे गेले. घरानं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बायको नाही आली तर अर्धाच कोयता, फेड कशी व्हायची.

एप्रिलात ती परत आली तेव्हा टेम्पोतून तिला दोरीनं बांधून आणलेलं. मनगटावर वळ. सहा महिने औषध नाही, फेब्रुवारीपासून रात्रीची उठून उसाच्या फडात पळत होती. माणसाला असं बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाई आहे, मी स्वतः ट्रेनिंगमध्ये हे शिकवते, पण सासूला त्या क्षणी काय बोलणार, चालत्या गाडीतून उडी मारेल म्हणून तिनं रडत रडत बांधलेलं. राग आला तो माझाच मला. सप्टेंबरात ती माझ्यासमोर बसली होती आणि मी एका साध्या प्रश्नाला चुकले, की यंदा जाणार का आणि कुठं. त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही.

तिला सावरायला पावसाळा गेला. आणि पोळा झाला तसं मी ठरवलं की या वेळी हंगामाची तयारी आपण पण करायची.

रजिस्टरला पेन्सिलनं एक रकाना वाढवला, कोयता. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुणाच्या टोळीत, ऊस ट्रकमध्ये भरायचा का बैलगाडीनं न्यायचा, कुठला कारखाना, घरातून कोण कोण चाललंय. कारखाना बऱ्याचदा शेवटपर्यंत माहीत नसतो, पण मुकादमाचा नंबर असतो. इथं पहिला पेच. मुकादमाला फोन करायचा म्हणजे त्याला सांगायचं काय? पेशंटचा आजार गुप्त ठेवणं हा तिचा हक्क आहे आणि मुकादमाला कळलं तर टोळीभर होणार, "येडी" म्हणून. मी तिलाच विचारलं. नवऱ्याला नाही, सासूला नाही, तिला. ती जरा वेळ पदराचं टोक चाचपत बसली आणि म्हणाली, "म्हईन्याची सुई हाय, चुकवायची नाई, एवढंच सांगा. कशाची ते नगं." मग तेवढंच सांगितलं. मुकादमानं पण पुढं काही विचारलं नाही, बीपी-शुगरवाले टोळीत असतातच.

दुसरी गोष्ट डॉक्टरांसोबत बसून केली, ती म्हणजे औषध कामाला झेपतंय का ते बघणं. या औषधानं काहींचे हात आखडतात, चालीत जडपणा येतो, किंवा एका जागी बसवतच नाही. ओपीडीत खुर्चीवर बसलेल्या माणसात ते नीट लक्षात येत नाही, पण दिवसभर कोयता चालवायचा आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं तर तेवढा आखडलेपणा जीवावर बेतू शकतो, आणि लोकांना वाटतं कामचुकारपणा करतीय. मी तिला खोलीभर चालायला लावलं, मूठ उघडझाप करायला लावली, मनगट हलवून बघितलं. थोडा कडकपणा होता. डॉक्टरांनी डोस जरा खाली घेतला, आखडलेपणा कमी करणारी ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी जोडली आणि एक महिना इथंच बघून मग सोडलं. हे सप्टेंबरात केलं म्हणून जमलं, टेम्पो दारात उभा असताना नसतं जमलं.

लिथियमवाल्यांची, म्हणजे मूड टोकाला जाण्याच्या आजारावर लिथियमची गोळी घेणाऱ्यांची, काळजी वेगळीच. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, मग जुलाब, उलट्या, हात जोरात थरथरणं, झोकांड्या. आमच्या एका काकांना मी तीन वेळा त्यांच्याच तोंडून म्हणवून घेतलं की असं झालं तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि अंग दुखलं म्हणून दुकानातून मनानं पेनकिलर घ्यायची नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी सुद्धा लिथियम वाढतं. जायच्या आधी रक्तातल्या लिथियमची लेव्हल करून घेतली. आणि झोपेचं पण बोलावं लागतं, ट्रक रात्री दोनला सुद्धा भरायला येतो, झोपेची गोळी घेऊन माणूस मोळी घेऊन चढला तर काय होईल. अशांना डॉक्टर गोळीची वेळ बदलून देतात, किंवा घरच्यांना सांगतात की याला रात्रीच्या भरणीला उठवू नका, झोप मोडली की याचा आजार उसळतो.

मग चिठ्ठी. ओपीडीच्या कागदावर औषधाची नावं घाईत लिहिलेली असतात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरला ती लागायची कशी. मी डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं, औषध, डोस, शेवटचं इंजेक्शन कधी, पुढचं कधी, काय त्रास झाला तर काय, आणि खाली माझा नंबर. दोन कॉप्या प्लास्टिकमध्ये, एक नवऱ्याकडं, एक सासूच्या कमरेच्या पिशवीत. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, पाणी शिरतं, कागद टिकत नाही. सासूच्या मोबाईलमध्ये फोटो पण काढून ठेवला.

नोव्हेंबरात मुकादमाकडून कळलं की टोळी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात उतरलीय. त्या जिल्ह्यातल्या आमच्यासारख्याच टीमच्या सिस्टरचा नंबर तीन जणांकडून फिरत फिरत मिळवला. बाई इतकी गोड, पहिल्याच फोनला म्हणाली, "पाठवा ना ताई, आमच्याकडं पण दरवर्षी तुमच्याकडचे येतात पण कागदच नसतो हो त्यांच्याकडं, कुठून सुरू करायचं कळत नाही." पण त्यांची ओपीडी टोळीपासून पस्तीसेक किलोमीटर लांब आणि वार मंगळवार. कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे पैसे कापले जातात, वर नवरा सोबत गेला तर दोघांचा. ती पहिल्या तारखेला गेलीच नाही.

मी फोन करतेय तर नवऱ्याचा बंद, मुकादमाचा लागेना. टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हलली होती हे नंतर कळलं. डेपोचं औषध तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी संपत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी रात्री जाग यायची आणि डोळ्यासमोर ते दोरीचे वळ. नऊ दिवस असे गेले. शेवटी तिथल्या सिस्टरनं तिच्या ओळखीच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, सांगितलं, पीएचसीनं आशाला, आणि त्या आशाताईनं कोप्यांमधनं विचारत विचारत बरोबर सासूला गाठलं. सासूनं कमरेची पिशवी उघडून कागद काढून दिला.

पीएचसीच्या सिस्टरनं हे इंजेक्शन आधी दिलेलं नव्हतं, मी फोनवर सगळं सांगितलं. सिरिंज आणि सुई कोरडी हवी, ओली असली तर तेल गढूळ होतं. सुई बारीक घेऊ नका, तेल ओढलंच जात नाही. कातडी एका बाजूला ओढून धरा, हळूहळू द्या, दिल्यावर चोळायचं नाही. तिनं तसंच दिलं आणि पेशंटला फोन दिला. ती एवढंच म्हणाली, "बाई, झालं बगा."

आता प्रश्न पुढच्या तारखेचा होता. मी सवयीनं कॅलेंडर काढलं, आणि तेवढ्यात सासू मागनं म्हणाली, "तारखंचं नगं सांगू माय, आमाला हितं वारबी कळत न्हाईत, बाजार तेवढा कळतो." खर्ची, म्हणजे वरखर्चाचे पैसे, मिळाली की टोळी बाजाराला जाते आणि ती पीएचसी बाजाराच्याच गावात. मग तसंच ठरलं, दर चौथ्या बाजाराला सुई. मीठ-मिरची, लेकरांना भजी आणि येताना पीएचसी. खाडा नाही, वेगळं भाडं नाही, कुणी विचारायचं नाही की कुठं चाललीस. इतकी वर्षं आम्ही तारखा आमच्या गाडीच्या वारावर ठरवत होतो, आणि त्या म्हातारीनं एका वाक्यात सगळं जुळवून दिलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एकही चुकली नाही. जानेवारीत एकदा तिला परत आवाज यायला लागले, तेव्हा सासूनं १४४१६ ला फोन लावला, हा टेली मानसचा नंबर, २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण लागतो आणि मराठीत बोलतात, मी तो नंबर त्या प्लास्टिकवरच मार्करनं लिहून दिला होता. तुमच्या घरात कुणाला गरज असेल तर तुम्ही पण लिहून ठेवा.

सगळ्यांचं असं जमलं नाही. कर्नाटकात गेलेल्या दोघांपर्यंत मी पोचू शकले नाही, तिथल्या टीमचा पत्ता लागला पण टोळी सारखी हलत राहिली, त्यातला एक जण अजून ओपीडीला आलेला नाही, आशाताई त्याच्या घरी जाऊन येतीय. यंदा त्याच्या मुकादमाला आत्ताच गाठायचंय. लिथियमवाले काका मात्र नीट परतले, फेब्रुवारीत जुलाब लागले तेव्हा खरंच गोळी थांबवून दवाखान्यात गेले होते.

पाडव्यानंतरच्या ओपीडीला ती आली. उन्हानं रापलेली, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, मनगटं मात्र मोकळी. धाकटं लेकरू कडेवर, मोठं सासूच्या पदराला धरून. माझ्यापुढं दोन कांड्या ऊस ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी इंजेक्शन भरेपर्यंत ती रजिस्टरकडं बघत होती, आणि मग स्वतःहून म्हणाली, "बाई, आता गावचा बाजार रविवारी असतो, तवा दवाखाना बंद. तुमचा बुधवारच लिवा."

मी बुधवार लिहिला.