मावशीचा मोडलेला नवस

सप्टेंबरातल्या शनिवारी रात्री अकराच्या सुमारास बोरिवलीहून निघालो. पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चची, वीस-पंचवीस माणसं, पुढे पवित्र मरियेची तसबीर धरलेली दोन पोरं, मागे पाण्याच्या बाटल्या आणि वडापाव भरलेला टेम्पो. एस. व्ही. रोड धरून वांद्र्याच्या डोंगरापर्यंत वीसेक किलोमीटर. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्या सुमारास वांद्र्याला मोत माऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा भरते. पंढरीच्या वारीशी बरोबरी करायचा विचार नाही, पण आमच्या वसईच्या घरात या चालण्याला वारीच म्हणत आले आहेत.

कांदिवलीपर्यंत सगळ्यांचा आवाज खणखणीत होता. ‘नमो मरिये कृपापूर्णे’ एका बाजूने सुरू व्हायचं, दुसऱ्या बाजूने पुरं व्हायचं. मालाडला पावसाची सर आली तशी जपमाळ थांबली आणि प्लास्टिकच्या टोप्या निघाल्या. टेम्पो एका बंद दुकानापाशी थांबला, सगळे पायरीवर टेकले. माझी मावशी मात्र उभीच. गुडघ्याला पट्टा बांधलेला, एक हात शटरवर.

“मावशी, बस की दोन मिनिटं.”

“नको रे बाबा. एकदा खंड पाडून बघितलाय.”

हा खंड मला ठाऊक होता. काकांची बायपास झाली तेव्हा तिच्या बिल्डिंगमधल्या एका बाईने सांगितलं होतं, सात वर्षं सलग मोत माऊलीला चालत जा. वाटेत बसायचं नाही, मध्ये वर्ष चुकवायचं नाही, चुकलं तर नवस उलटतो. मावशी चालत राहिली. मग २०२० आलं. कोविडमुळे जत्राच रद्द झाली, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाईलवर बघायची वेळ आली. जायचं ठरवलं तरी जाणार कुठे? दुसऱ्या वर्षी एप्रिलमधल्या लाटेत काका गेले. बेड मिळवण्यासाठीची धावपळ, फोनवर फोन, सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं. तरी मावशीच्या मनात कारण एकच बसलं. नवस मोडला. तिने परत एकपासून मोजायला घेतलं. आता मुलासाठी, सुनेसाठी, आणि खरं म्हणजे भीतीपोटी.

मला त्या बिल्डिंगमधल्या बाईचा अजूनही राग येतो. तिने देवाच्या हातात ऑफिसातलं मस्टर दिलं, लाल शाईसकट.

जोगेश्वरीला पाऊस थांबला. मी मावशीची पिशवी घेतली आणि तिच्या चालीने चालायला लागलो. उपदेश करायची हौस नव्हती, तिच्याएवढा बायबल मी वाचलेलाही नाही. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला कोसळलेला बुरूज तिला आठवतो का, एवढं विचारलं.

“शिलोहाचा? अठरा माणसं मेली तो?”

“तोच. येशूने काय विचारलं होतं? ती अठरा माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का?”

“नाही म्हणाला तो.” थोडं चालून म्हणाली, “जन्मांध माणसाचंही तेच. शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापाचं? तो म्हणतो, कोणाचंच नाही.” पुढे बराच वेळ ती गप्प होती. मीही ताणलं नाही.

अंधेरीला सिग्नलवर एक रिक्षा उभी होती. काचेवर मोत माऊलीचं स्टिकर, आरशाला जपमाळ, आणि पुढे बंपरला लिंबू-मिरची. आमच्यातली पोरं हसली. मला तेवढं हसू आलं नाही. आमच्या घरांतही बाळाची दृष्ट मीठ-मिरचीने काढतात आणि नंतर कपाळावर क्रूस काढतात, दोन्ही हातांनी धरून ठेवायचं म्हणून. आणि तेरा जणांना न पाठवल्यास संकट येईल असली संत अंतोनीची प्रार्थना मोबाईलवर आली की शिकलेली माणसंही गुपचूप पुढे ढकलतात. कॅथोलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २१११ मध्ये, यावर स्पष्ट लिहिलं आहे: मनाची तयारी बाजूला ठेवून नुसत्या बाहेरच्या कृतीनेच प्रार्थना फळते असं मानणं म्हणजे अंधश्रद्धेत पडणं. म्हणजे बोट नुसतं लिंबू-मिरचीकडे नाही. जपमाळेचंही लिंबू होऊ शकतं. बायबलमधल्या मोशेने केलेल्या पितळी सापाचं तसंच झालं. लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्किया राजाने तो फोडून टाकला. देवाच्याच आज्ञेने घडवलेली वस्तू होती ती.

इर्ला आलं की मला २०१२चा मार्च आठवतो. इथल्या वेलंकणी मातेच्या चर्चमधल्या क्रुसावरून पाणी ठिबकू लागलं होतं आणि लोक ते तीर्थासारखं गोळा करत होते. बुद्धिवादी सनल एडामारुकु यांनी येऊन पाहणी केली आणि सांगितलं, तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय. त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. ते फिनलंडला गेले. त्यांची बाकीची मतं मला पटत नाहीत. पण गटाराचं पाणी गटाराचं आहे म्हटल्याने येशूचं काय कमी झालं, हे तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. प्लंबर बोलवायचा होता, वकील नव्हे.

सांताक्रूझ, खार झोपेतच चाललो. हिल रोडला उजाडायला लागलं.

डोंगरावर चढताना दोन्ही बाजूंना मेणाची दुकानं. मेणाचे हात, पाय, डोकी, घरं, तान्ही बाळं, विमानंसुद्धा. “काय देऊ आंटी? पाय देऊ?” मावशीचा गुडघ्याचा पट्टा बघून एक पोरगा म्हणाला. मेणाचा पाय घेणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवायची हुशारी मला नको आहे. बोलता न येणारं दुखणं काही जण असं हातात धरून आणतात. मावशीने साधी मेणबत्ती घेतली.

मोत माऊलीचं आजचं चर्च, म्हणजे बॅसिलिका, १९०४चं, मूर्ती मात्र त्याहून पुष्कळ जुनी. सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी ती पोर्तुगालहून आणली असं सांगतात. १७०० साली अरब चाच्यांनी हातातल्या सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला. रांगेत ही हकीकत मी मागच्या पोरांना सांगत होतो. मावशी मूर्तीकडे बघत होती. मध्येच म्हणाली, “हिचा हात तोडला तेव्हा हिने कुठला नवस चुकवला होता?”

पोरांना कळलं नाही. मला कळलं, पण उत्तर सुचलं नाही. आम्ही आत गेलो. तिने गुडघ्यामुळे न टेकता उभ्यानेच प्रार्थना केली आणि मग, रात्रभरात पहिल्यांदाच, बाकावर बसली. चांगली ऐसपैस.

“मग तू कशाला चालतोस रे?” बाहेर आल्यावर तिने विचारलं.

“काका गेले तेव्हापासून मला घरात प्रार्थना जमत नाही. चालताना जमते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

खाली जत्रेत तिने चण्यांचा भाव करून करून दुकानदाराला हैराण केलं. पुडी पिशवीत टाकत म्हणाली, “गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं म्हणतेय. डॉक्टर केव्हाचा मागे लागलाय. मीच टाळत होते, सप्टेंबरला चालता आलं नाही तर काय, म्हणून.”

“मग तारीख घेऊ?”

“घे. सप्टेंबरची मिळाली तर सप्टेंबरची. पण चणे तू आणायचेस. आणि याच्याकडून नको, हा लुटतो.”